ढीग निवला

चार दिवस पुण्याला लेकीकडे राहून सत्यशीला घरी आली, ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून सरळ मागच्या परसात गेली आणि तारेच्या जाळीत उभ्या केलेल्या खताच्या ढिगात तिनं कोपरापर्यंत हात घातला. हात थंड बाहेर आला. नुसता थंड नाही, ओला, आणि निसरडा. जाताना ढिगाला ऊब होती. फार नाही, तापलेल्या अंगावरचा ताप उतरत आल्यावर कपाळाला असते तेवढी. उन्हातून सावलीत आलेल्या मातीचा गोडसर वास होता त्याला. आता तिनं मूठ नाकाशी धरली आणि तिला क्षणभर समजेना की आपण कुठे उभ्या आहोत. हा वास तिच्या ओळखीचा होता, सव्वीस वर्षं ओळखीचा, पण तो इथला नव्हता. सकाळी सात वाजता दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये ओल्या फरशीवरून उठायचा तो वास. नगरच्या सावेडीतल्या चार खोल्यांच्या घराच्या मागे, कढीपत्त्याच्या झाडाखाली, तो फिनेलचा वास मुठीत धरून ती उभी राहिली आणि पलीकडच्या सविताच्या घरातला मिक्सर चालू झाला, थांबला, पुन्हा चालू झाला.

हा तिसरा ढीग होता. पहिला सडला होता, दुसरा कोरडा पडून आतून राखेसारखा पांढरा झाला होता. तिसऱ्यासाठी तिनं सगळं मोजून केलं. रसवंतीवरचं उसाचं चिपाड, शेजारच्या मैदानातला कडुलिंबाचा पाला, भाजीबाजारातला हिरवा कचरा, भिंगारच्या गोठ्यातलं शेण. थरावर थर, प्रत्येक थराला पाणी इतकंच की मूठ आवळल्यावर बोटांतून एखादाच थेंब यावा. पहिल्या आठवड्यात ढीग पासष्ट अंशांपर्यंत तापला. रोज सकाळी लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून ती आकडा परसातल्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहायची. तापला की उलथायचा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. बावन्नाव्या वर्षी पाठ भरून यायची, तळहातांना घट्टे पडले, आणि तरी त्या दिवसांत तिला सकाळी उठावंसं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या लॅबची नोकरी मुदतीआधी सोडल्यापासून तसं वाटलं नव्हतं. संध्याकाळी मोबाईलवर मातीतल्या जीवांचा कोर्स, आणि जेवणाच्या टेबलावर खिडकीशी ठेवलेला जुना मायक्रोस्कोप, बंद पडलेल्या एका लॅबमधून आणलेला. पुढच्या खोलीत मातीचा दवाखाना काढायचा होता तिला. शेतकऱ्यानं मूठभर माती आणायची, तिनं काचेखाली बघून सांगायचं की यात कोण जिवंत आहे आणि कोण नाही. लेक, क्रिस्टीना, फोनवर हसली होती. "आई, सगळा जन्म तू जंतू मारलेस. आता पाळणार?" सत्यशीलाही हसली होती. हसता हसता तिच्या लक्षात आलं होतं की आपण उत्तर दिलेलं नाही.

तिनं हात धुतले नाहीत. ढिगाचं वरचं, मधलं आणि तळातलं असं तीन ठिकाणचं चिमूटभर खत तिनं तीन बाटल्यांत घेतलं, चौपट पाणी घातलं, हलक्या हातानं तीस वेळा हलवलं आणि थेंब काचेवर टाकला. जायच्या आदल्या दिवशी याच टेबलावर याच ढिगाचा थेंब तिनं तासभर पाहिला होता. तपकिरी बुरशीचे दोर, त्यांच्यावर लोळणारे अमिबा, आणि मधूनच काचेच्या धाग्यासारखा वळवळत गेलेला सूत्रकृमी, मुळं कुरतडणाऱ्या जातीचा नव्हे, तर त्या कुरतडणाऱ्यांना खाणारा. त्याला बघून ती खुर्चीवरून अर्धी उठलीच होती. राहात्याच्या गोरक्ष नावाच्या शेतकऱ्याच्या आजारी पेरूबागेला हाच हवा होता. आज थेंबात मातीचे कण होते, बुरशीचे दोर होते. पण दोरांच्या आतलं सगळं विरून गेल्यासारखं, रिकाम्या नळ्यांसारखं. एक सूत्रकृमी दिसला. सरळ. मेलेला सूत्रकृमी काडीसारखा सरळ पडतो. तिनं काच सरकवली. भिंगाखाली एका वेळी दिसणारं पुढचं क्षेत्र, त्याच्या पुढचं. ओठांत आकडे येऊ लागले, अकरा, बारा, तेरा. बोटांची जुनी सवय. एका रांगेनं जायचं, मग खाली उतरायचं, मग उलट. चाळीसवर आल्यावर तिची बोटं आपोआप थांबली.

चाळीस. त्या दिवशीही ती चाळीसवरच थांबली होती. मे महिन्यातली दुपार, चार वाजलेले, दिवसातून तिसऱ्यांदा लाइट गेलेली, आणि क्षयासाठीच्या थुंकी-तपासणीच्या सत्तावीस काचा बघून झालेल्या. नियम होता की निगेटिव्ह लिहायच्या आधी शंभर क्षेत्रं बघायची. ती नेहमी बघायची. तिची ख्यातीच ती होती. अठ्ठाविसावी काच केशरबाईची. केशरबाई म्हणजे लॅब झाडणारी बाई, पारनेरकडची, एकोणीस वर्षं रोज सकाळी सत्यशीलेच्या आधी येऊन ओटे पुसून ठेवणारी. दोन महिने खोकत होती. थुंकीची डबी तिनं स्वतःच आणून हातात दिली. "म्याडम, तुमीच बघा. दुसऱ्या कुनाच्या हाती देऊ नका. तुमची नजर लई बारीक हाय." सत्यशीलेनं मायक्रोस्कोपच्या आरशाचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि बघायला सुरुवात केली. पण खरं म्हणजे तिनं बघायच्या आधीच ठरवलं होतं की केशरबाईला काही नसणार. कडक बाई, रोज चार मैल चालणारी. चाळीस क्षेत्रं झाली, घाम डोळ्यांत उतरला आणि तिनं रजिस्टरमध्ये शंभर लिहिले. निगेटिव्ह. खाली सही. केशरबाईनं तो कागद चारपदरी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "बरं झालं बाई. जिवाला घोर लागला हुता." मग ती चार महिने खोकल्याच्या बाटल्या पीत राहिली, आणि पाचव्या महिन्यात रक्ताची गुळणी आली तेव्हा उशीर झाला होता.

कुणी काही म्हणालं नाही. अशी एखादी काच सुटते, सगळ्यांकडून सुटते. केशरबाई गेल्यानंतर आठ दिवसांनी सत्यशीलेनं जुन्या काचांच्या पेटीतून ती काच काढली आणि दार लावून घेऊन बघायला बसली. बावन्नाव्या क्षेत्रात तीन लाल काड्या होत्या, निळ्या पार्श्वभूमीवर, इतक्या स्वच्छ की नवशिक्या पोरीलाही दिसल्या असत्या. बारा क्षेत्रं. फार तर एक मिनिट. ती बराच वेळ त्या काड्यांकडे बघत राहिली. मग तिनं काच उचलली आणि ॲसिडच्या बरणीत सोडली. ही गोष्ट तिनं नवऱ्याला, कृपादानला, सांगितली नव्हती, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेतसुद्धा तिनं ती नेमक्या शब्दांत कधी म्हटली नव्हती.

आता तिनं चाळीसच्या पुढे बघितलं. शंभर झाली. दुसरी काच, शंभर. तिसरी. मान आखडली, डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं एकही क्षेत्र गाळलं नाही. कुठेही काही हलत नव्हतं.

कृपादान पुढच्या खोलीत पेपर वाचत होता. एसटी डेपोच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलेला, कुणाला मोठ्यानं न बोललेला माणूस. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्यानं चष्मा काढला, म्हणजे त्याला माहीत होतं.

"अहो, ढिगावर काय टाकलं?"

"काय टाकणार? तू सांगितलंस तसं पाणी."

"पाण्यात काय होतं?"

त्यानं पेपरची घडी केली, ती पुन्हा उलगडून नीट केली. "चिलटं झाली होती, सत्या. सविताच्या सासूला दमा. सविता दोनदा दारात येऊन गेली. भांडली नाही बिचारी, हात जोडले तिनं. रविवारी चर्चच्या आवारात सगळ्यांदेखत एकजण मला म्हणाला, उजागरे, बाईंनी रिटायर होऊन उकिरडा मांडलाय म्हणे. सगळे हसले. मी काय बोलणार?"

"किती टाकलं?"

"तो फिनेलचा पाच लिटरचा कॅन होता ना. तीन दिवस, बादलीत घालून. वास मरावा म्हणून गं. मला वाटलं, खत ते खत, त्याला काय होतंय."

"आणि मला रोज आकडे पाठवत होता ते? अडतीस, सदतीस?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तू भिंतीवर लिहिले होतेस त्याच्या आसपासचे टाकले. तिकडे तुझ्या जिवाला घोर नको."

घोर. ती ओरडणार होती. ओरडण्यासाठी तिनं श्वासही घेतला होता. सात आठवडे, भरून आलेली पाठ, गोरक्षची बाग, सगळं जिभेवर आलं होतं. पण या माणसानं काय केलं होतं? न बघता आकडा लिहिला होता, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. त्यावर ओरडायला तिच्याकडे तोंड नव्हतं. आणि फिनेल? थुंकीच्या प्रत्येक डबीत, प्रत्येक संध्याकाळी, तिनंच ओतलं होतं, सव्वीस वर्षं. ज्या पोरी शिकायला यायच्या त्यांना ती शिकवायची, भरपूर ओता, रात्रभर राहू द्या, काही जिवंत राहता कामा नये. कृपादान तिच्याकडे वर बघत होता, आणि त्यानं जे विचारलं ते त्याला खरोखरच विचारायचं होतं. "फिनेलनं स्वच्छच होतं ना गं?"

"हो," ती म्हणाली. "स्वच्छ झालंय."

"दोन वर्षं तू माझ्याशी धड बोलली नाहीस," तो हळूच म्हणाला. "सकाळी उठून त्या ढिगापाशी जातेस. मला वाटायचं, हे एकदा संपावं." मग आपणच काय बोललो याची भीती वाटून त्यानं पेपर उचलला.

गोरक्ष शनिवारी येणार होता. मधले दोन दिवस तिनं ढीग जाळीतून मोकळा करून उन्हात पसरला. तिला काय करायचं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. की होतं? उन्हानं वास उडत गेला, काळा रंग तसाच राहिला, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ते खत इतकं भुरभुरीत, इतकं देखणं झालं की कुणीही पाहून हात घातला असता. पाला आणि शेणच तर आहे, ती स्वतःला सांगत होती. झाडाला अपाय झालाच तर कळणार कुणाला? झाडं तशीही मरायलाच टेकली आहेत. गोरक्षला ती सहा महिन्यांपूर्वी राहात्यात शेतकऱ्यांच्या एका बैठकीत भेटली होती. सगळे उठून गेल्यावर तो प्लास्टिकच्या पिशवीतून पेरूची मुळं घेऊन आला. मुळांवर गाठीच गाठी, सुजलेल्या बोटांसारख्या. तिनं त्याला मायक्रोस्कोपखाली गाठीच्या आतले कृमी दाखवले तेव्हा तो बराच वेळ डोळा लावून उभा होता. "हे हाय व्हय आमच्या झाडाच्या पोटात," तो म्हणाला. "आन मी चार वर्सं वरनं फवारतोय." त्याच्या आवाजात दुःखापेक्षा एक प्रकारचा दिलासा होता, निदान शत्रूचं तोंड दिसलं. तेव्हापासून तो तिला म्याडम म्हणायचा, अगदी केशरबाई म्हणायची तसंच.

शनिवारी अकराला टेम्पो गल्लीत शिरला. गोरक्ष परसात आला, खताजवळ उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ भरून घेतली. "चहाच्या पत्तीवानी झालंय की वो! आसं खत मी आजवर बघितलं न्हाई." ड्रायव्हरनं रिकाम्या गोण्या खाली टाकल्या. कृपादान मागच्या दाराशी उभा होता आणि तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर विनंती होती. काही बोलू नकोस. ती बोलली नसती तर पाच मिनिटांत गोण्या भरल्या असत्या. गोरक्षनं पहिल्या गोणीचं तोंड उघडून धरलं.

"गोरक्षभाऊ, हे नेऊ नका."

"का? अजून कच्चं हाय का?"

"मेलंय हे."

तो हसला. "खत कुठं मरतंय व्हय, म्याडम?"

तिनं त्याला आत नेलं आणि काचेखाली थेंब दाखवला. त्यानं एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. "कायच न्हाई की हलत," तो म्हणाला. मग तिनं सांगितलं, फिनेल पडलं म्हणून. कुणी टाकलं ते सांगितलं नाही, पण कृपादाननं चहाचा कप पुढे केला तो त्याच्याकडे न बघता, आणि गोरक्षला कळलं. त्यानं कप घेतला. "ऱ्हाऊ द्या सायेब," तो म्हणाला. "मुद्दाम कुनी करत न्हाई."

"पुन्हा करते मी," सत्यशीला म्हणाली. "दोन महिने द्या मला."

"बुधवारी जेसीबी येतोय म्याडम. गेल्या म्हैन्यातच यायचा हुता, तुमच्यासाठी थांबवला. ऊस लावायचा म्हनतोय थोरला पोरगा." त्यानं कप खाली ठेवला. "थांबवतो अजून. पन छातीवर हात ठिवून सांगा, दोन म्हैन्यांनी झाडं उठतील का?"

तिला हो म्हणता आलं असतं. त्याला तेच ऐकायचं होतं; तो दारात उभा राहून, टोपी हातात घेऊन, त्यासाठी थांबला होता. "सांगता येत नाही," ती म्हणाली. त्यानं टोपी घातली, गोण्या गोळा केल्या आणि रिकामा टेम्पो खडखडत गल्लीबाहेर गेला.

"नेलं असतं तर काय बिघडलं असतं?" कृपादान म्हणाला. आणि तेव्हा, कप विसळता विसळता, नळाखाली हात तसाच धरून, तिनं त्याला केशरबाईचं सांगितलं. चाळीस क्षेत्रं. बावन्नाव्यातल्या तीन काड्या. ॲसिडची बरणी. सगळं सांगून ती थांबली आणि तिला वाटलं, आता भिंत कोसळणार. कृपादान उठून जवळ आला. त्यानं नळ बंद केला. "एवढंच ना?" तो म्हणाला. "अगं, लाइट नव्हती. सत्तावीस काचा तू आधीच बघितल्या होत्यास. माणूसच आहेस तू. देवानं केव्हाच क्षमा केली असेल." तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. तो चांगला माणूस होता, आणि दोन मिनिटांत त्यानं सगळं पुसून टाकलं. केशरबाई, तिची चारपदरी घडी, तिचा खोकला, सगळं पुसून फरशी लख्ख केली. सत्यशीलेला वाटलं, आपल्याला ओरडावं कुणीतरी. नाव ठेवावं. पण असं करणारं आता कुणी उरलंच नव्हतं. ज्या एका बाईला अधिकार होता ती आभार मानून गेली होती.

बुधवारी ती राहात्याला गेली. कशाला, ते तिनं कृपादानला सांगितलं नाही, आणि सांगता आलंही नसतं. तारकपूर स्टँडवरून बस, राहुरी, कोल्हार, खड्ड्यांतून तीन तास. ती बागेत पोचली तेव्हा चार रांगा झाल्या होत्या. जेसीबी झाडाच्या बुंध्याशी दात लावायचा, जरा उचलायचा, आणि झाड फारसा आवाज न करता वर यायचं. मुळं धरून ठेवायला राहिलीच नव्हती. काही झाडांना लिंबाएवढे पेरू होते. गोरक्ष लांब विहिरीच्या कठड्यावर पाठ करून बसला होता. त्यानं तिला पाहिलं, मान हलवली, पण उठला नाही. त्याची बायको कडूबाई बांधावर आली आणि तिनं सत्यशीलेला बसायला गोणपाट टाकलं.

"तुमी आलात त्ये बरं केलं," कडूबाई म्हणाली. "ही झाडं मी लावल्याली. थोरला पोटात हुता तवा. पानी डोक्यावरनं आनायची."

एक झाड वर आलं, हवेत जरा डोललं आणि उपटलेल्या झाडांवर पडलं.

"बाई, एक विचारू का? मालक सांगत हुते, तुमी मातीतलं बघता म्हून. ह्या मातीत आता काय लावावं? ऊस नगं वाटतो मला. परत फळझाड धरंल का?"

सत्यशीलेनं खाली वाकून ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं. फिकट, जड, बिनवासाची माती. तिच्यापाशी शब्द होते. कोर्समधले, वहीतले, खूप. कडूबाई तिच्या तोंडाकडे बघत होती, पदर कानामागे खोचून, लक्ष देऊन.

"मला माहीत नाही," सत्यशीला म्हणाली.

कडूबाईनं मान डोलावली. तिला राग आला नाही, वाईटही वाटल्यासारखं दिसलं नाही. "व्हय," ती म्हणाली. "कुनालाच म्हाईत न्हाई." आणि ती उठून भाकरी टाकायला वस्तीकडे गेली.

चारच्या सुमाराला शेवटची रांग संपली. बागेच्या जागी एवढं आभाळ निघालं की पलीकडचा हमरस्ता थेट दिसू लागला. सत्यशीला चालत फाट्यावर आली. उभी राहिली न राहिली तोच कृपादानचा फोन आला.

"निघालीस का?"

"निघाले," ती म्हणाली. "बसले बसमध्ये."

"जागा मिळाली?"

"मिळाली. खिडकीशी."

"मग ये सावकाश. मी भात लावून ठेवतो."

तिनं फोन पिशवीत टाकला. शिर्डीकडून नगरची बस येताना दिसली. जवळ आली तशी ड्रायव्हरनं एकट्या उभ्या असलेल्या बाईला पाहून वेग कमी केला, अगदी पावलाच्या चालीवर आणला, आणि काचेतून तिच्याकडे बघितलं. घरी भात तयार असेल, आणि फरशी लख्ख पुसलेली; सत्यशीलेनं हात केला नाही. बस क्षणभर तिच्यासमोरून हळू हळू गेली, खिडकीशी एक जागा खरोखरच रिकामी होती, मग गिअर पडला आणि ती निघून गेली. धूळ खाली बसली. पुढची बस कधी आहे ते शेजारच्या टपरीवाल्याला विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही.